शेतकऱ्यांची दूरदर्शन-वाहिनी : तिची आखणी व तिचे द्रव्यबळ

शेतीस लागणाऱ्या साधनांची गणती करताना आपण जमीन, पाणी, बी, खत, जनावर व मजूर यांची नावे घेतो. वेळेवर मिळालेली खरी बातमी हेही शेतीचे एक साधनच आहे, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानी क्वचितच येते. पाऊस उद्या उघडणार की आणखी तीन दिवस राहणार, सोयाबीनवर दिसणारी अळी कोणती व तिला आळा कसा घालावा, लातूरच्या आडतीत आज काय भाव फुटला, या तीन गोष्टी ज्यास एक दिवस आधी कळल्या त्याचा हंगाम आणि ज्यास एक दिवस उशिरा कळल्या त्याचा हंगाम, यांत पुष्कळ अंतर पडते. असे असता ही बातमी पुरविणारी सार्वजनिक व्यवस्था कशी उभी राहते, तिला पैसा कोठून येतो व ती कोणाच्या हाती असावी, याचा विचार जमीनधारकांनी सहसा केलेला नसतो. तो विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. शेतीकरिता मराठीत स्वतंत्र सार्वजनिक दूरदर्शन-वाहिनी काढावयाची झाल्यास तिची आखणी कशी करावी व खर्च कसा भागवावा, हा आमचा विषय होय.

१. देगलूरची गरज

आपला तालुका तीन राज्यांच्या मिळणीवर वसला आहे. पूर्वेस मदनूरच्या वाटेने तेलंगण लागते, दक्षिणेकडे बिदर जिल्हा म्हणजे कर्नाटक आहे. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानात एकत्र होता; १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तरी ढग, कीड आणि बाजारभाव यांनी त्या सीमा मानल्या नाहीत. आपल्याकडील माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात तेलुगू समजतो, कानडी व उर्दू यांचाही त्यास सराव असतो. तथापि औषधाच्या डब्यावरील प्रमाण किंवा पीकविम्याची अट त्यास मराठीतच नीट समजते, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या भागात काळ्या जमिनीवर खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, मूग व उडीद आणि रब्बीत ज्वारी व हरभरा ही मुख्य पिके होत. यांतील बहुतेक पेरा आकाशाच्या भरवशावर. ऑगस्ट १९२५ ची गोष्ट जुनी म्हणून सोडता येईल, पण ऑगस्ट २०२५ ची नाही. त्या महिन्यात शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या खोऱ्यात अतिवृष्टी होऊन पुराचे पाणी गावांत शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. अशा रात्री मुंबईचा किंवा दिल्लीचा सर्वसाधारण हवामान-अंदाज ऐकून गावकऱ्याचा काय उपयोग? त्यास आपल्या खोऱ्याचे नाव ऐकू आले पाहिजे. सार्वजनिक वाहिनीची खरी गरज येथे आहे. करमणुकीस वाहिन्या पुष्कळ आहेत. आपल्या नदीचे नाव घेणारी वाहिनी हवी आहे.

२. मागील प्रयोग

नवे काम हाती घेण्यापूर्वी जुन्या कामाचा पडताळा पाहावा, हा शहाणपणाचा मार्ग होय. सुदैवाने आपल्या देशात असे प्रयोग अनेक झालेले आहेत व त्यांतील एक फार मोलाचा प्रयोग मराठी मुलुखातच झाला.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांकरिता ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका व निर्णय पुण्यास कळवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. प्रयोगानंतर केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, जेथे अशी मंडळे होती तेथे लोकांच्या ज्ञानात स्पष्ट भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता व मंडळ नव्हते तेथे ती फार थोडी पडली. यावरून एक नियम निघतो. यंत्र गावात ठेवल्याने ज्ञान गावात येत नाही. ऐकणाऱ्याने उलट विचारण्याची सोय असेल तरच ते येते.

दूरदर्शनाचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि शेतकऱ्यांकरिता ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ पासून तेथे सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. त्या केंद्रावरील ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे.

यानंतरचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविले. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची थाळी आणि खाली गाव बसलेले, असे त्याचे स्वरूप होते. आपल्या शेजारचे गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. कार्यक्रम हिंदी, ओरिया, तेलुगू व कानडी या भाषांत झाले. आखणीच्या वेळी ज्या भाषेचे नाव कागदावर येत नाही, ती भाषा बोलणाऱ्यास पुढे यंत्राचा लाभ मिळत नाही, हा धडा यातून घेण्याजोगा आहे.

त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज या गावी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. ते एकाच जिल्ह्यापुरते होते. तेथील बोली, तेथील पिके, तेथील सावकारी व मजुरीचे प्रश्न हेच त्याचे विषय, जाहिराती नव्हत्या. गावकऱ्यांनी स्वतः त्यांत भाग घेतला. १९८४ साली या कामाबद्दल युनेस्कोने पारितोषिक दिले. पुढे हे स्वतंत्र प्रक्षेपण टिकले नाही. उत्तम काम केले एवढ्याने संस्था टिकते असे नाही. तिच्या नावाने कायमचे उत्पन्न बांधून दिलेले असावे लागते.

३. किसान वाहिनीचे उदाहरण

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे दूरदर्शनची किसान वाहिनी. १० जुलै २०१४ रोजी केंद्रीय अंदाजपत्रक मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी शेतकऱ्यांकरिता स्वतंत्र वाहिनी काढण्याचे जाहीर केले व तिच्याकरिता १०० कोटी रुपयांची तरतूद केली. २६ मे २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्लीत वाहिनीचे उद्घाटन झाले. म्हणजे घोषणेपासून साडेदहा महिन्यांत वाहिनी सुरू झाली. ही वाहिनी चोवीस तासांची असून तिची मुख्य भाषा हिंदी आहे. २६ मे २०२४ रोजी या वाहिनीने मनुष्याऐवजी संगणकाने घडविलेले दोन निवेदक पडद्यावर आणले.

आता १०० कोटी हा आकडा ऐकून डोळे दिपतात. म्हणून त्याची फोड करून पाहू. वर्षाचे तास ८,७६०. शंभर कोटींस त्यांनी भागले असता दर तासास सुमारे १ लाख १४ हजार रुपये येतात. यातच यंत्रे, इमारती, पगार, उपग्रहाचे भाडे, प्रवास आणि प्रत्यक्ष कार्यक्रम हे सर्व आले. दररोज चोवीस तास नवा मजकूर दाखवावयाचा ठरविल्यास तो मजकूर किती पातळ होईल, हे सांगावयास नको. एका बादलीने दहा एकर भिजविण्यासारखेच ते आहे.

याउलट दररोज सहाच तास नवे कार्यक्रम करावयाचे आणि तेच दिवसातून चार वेळा दाखवावयाचे, असे ठरविले तर वर्षाचे नवे तास २,१९० होतात. तेवढ्याच रकमेत दर नव्या तासास सुमारे ४ लाख ५६ हजार रुपये मिळतात. म्हणजे कामाचा कस चौपट वाढविता येतो. शिवाय शेतकरी काही दिवसभर संचापुढे बसत नाही. पहाटे जनावरांचे पाणी-वैरण होईपर्यंत आणि रात्री जेवणाच्या सुमारास एवढाच काय तो त्याचा वेळ. म्हणून पुनःप्रक्षेपण हा दोष नसून सोय आहे. चोवीस तासांचा हट्ट हा शहरी हट्ट होय.

४. खर्चाचे दोन भाग

वाहिनीचा खर्च दोन प्रकारचा असतो, आणि हे दोन प्रकार वेगळे न ठेवल्याने पुष्कळ संस्था बुडतात. एक भांडवली खर्च व दुसरा चालू खर्च. विहीर खणून बांधून काढणे हा भांडवली खर्च. पंपाची वीज, दुरुस्ती व राखणदाराचा पगार हा चालू खर्च. विहिरीस अनुदान मिळाले म्हणून पाणी आपोआप पाटात येत नाही. अंदाजपत्रकातील मोठा आकडा पुष्कळ वेळा पहिल्या प्रकारचा असतो. दुसरा प्रकार दरसाल लागतो व त्याविषयी कोणी भाषण करीत नाही.

भांडवली खर्चात चित्रगृह, कॅमेरे, संकलनाची यंत्रे, बाहेर गावोगाव जाऊन चित्रण करण्याची वाहने व उपग्रहाकडे संदेश धाडणारे भूकेंद्र यांचा समावेश होतो. नव्या वाहिनीने यांतील शक्य तितके नव्याने घेऊ नये. मुंबई दूरदर्शनची व्यवस्था आहे, परभणी व नांदेड येथे आकाशवाणी केंद्रे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने आकाशवाणी व दूरदर्शन यांची यंत्रसामग्री सुधारण्याकरिता २,५३९ कोटी रुपयांहून अधिक रकमेची योजना २०२५-२६ पर्यंतच्या मुदतीने मंजूर केली होती. म्हणजे यंत्रांकरिता पैसा वेळोवेळी निघतो. उणीव भासते ती गावात जाऊन, पिकात उभे राहून, खरे सांगणाऱ्या माणसांची; आणि त्या माणसांचा पगार चालू खर्चात येतो.

आमच्या मते चालू खर्चाची वाटणी जुन्या हिशोबाने सांगावयाची तर रुपयातील दहा आणे कार्यक्रमांवर, चार आणे प्रक्षेपण व यंत्रांच्या निगेवर, आणि दोन आणे कचेरीवर अशी असावी. कचेरीचे दोन आणे जेव्हा सहा आणे होतात, तेव्हा कार्यक्रम जुने होतात व वाहिनी नावापुरती उरते.

५. पैसा कोठून यावा

सार्वजनिक वाहिनीस पैसा येण्याचे मार्ग जगात मुख्यतः चार दिसतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला मार्ग, घरपट्टीसारखे शुल्क. इंग्लंडात १९२२ पासून रेडिओ ठेवणाऱ्यास वर्षाला दहा शिलिंग परवाना पडे. तीच पद्धत पुढे दूरदर्शनास लागू झाली व एप्रिल २०२५ मध्ये तो दर वर्षास १७४.५० पौंड करण्यात आला. जर्मनीत २०२१ साली दर घरामागे महिन्यास १८.३६ युरो असा दर ठरला. घरात संच असो वा नसो, शुल्क द्यावेच लागते. आपल्याकडेही रेडिओ व दूरदर्शन संचांचा परवाना होता. वडीलधाऱ्या वाचकांस पोस्टात जाऊन तो भरल्याचे आठवत असेल. तो १९८५ साली रद्द झाला. गंमत अशी की, प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, त्यात या परवाना शुल्काचे उत्पन्न असल्यास ते महामंडळास देता येईल असे कलम आहे. पण जे शुल्क पाच वर्षे आधीच बंद झाले त्याचे उत्पन्न कोठून यावे? पाट आखला, पण विहीर आधीच बुजविली, अशातला हा प्रकार झाला.

दुसरा मार्ग, सरकारी अनुदान. प्रसार भारतीस केंद्र सरकारकडून दरसाल दोन हजार कोटी रुपयांहून अधिक अनुदान मिळत आले आहे व त्याचा फार मोठा भाग पगारात जातो. हा मार्ग सोपा व खात्रीचा दिसतो; परंतु ज्याच्या हातून धान्य येते त्याच्याकडे पाहून बोलण्याची सवय जडते. विमा कंपनीने पंचनामा उशिरा केला, खताचा पुरवठा वेळेवर झाला नाही, हमीभावाची खरेदी उशिरा उघडली, अशा तक्रारी त्याच वाहिनीवर मोकळेपणी मांडल्या जातील काय, हा खरा प्रश्न आहे.

तिसरा मार्ग, जाहिरात. भारतीय दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या. शेतीच्या वाहिनीस जाहिरात देणार कोण? बियाणे, कीटकनाशके, खते व ट्रॅक्टर विकणारे. त्यांचा पैसा अगदीच घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कार्यक्रमात अमुक किडीवर फवारणीची गरज नाही असे तज्ज्ञ सांगणार, त्याच कार्यक्रमाच्या मध्ये फवारणीच्या औषधाची जाहिरात आली तर शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? वैद्याने औषधाच्या दुकानदाराकडून पगार घेऊ नये, हा साधा न्याय येथेही लागू आहे. सबब सल्ल्याच्या कार्यक्रमांस जाहिरात अजिबात नसावी. इतर वेळी घ्यावी, व एकंदर उत्पन्नात तिचा वाटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये.

चौथा मार्ग, उत्पादकांची स्वतःची वर्गणी. हा मार्ग आपल्या मातीतला आहे. महाराष्ट्रात ऊस संशोधनाचे काम करणारी वसंतदादा साखर संस्था १९७५ साली स्थापन झाली. सहकारी साखर कारखान्यांच्या वर्गणीच्या बळावर ती वाढली. आपल्या पूर्वजांची बलुत्याची रीत हीदेखील एका दृष्टीने हीच होती: काम वर्षात किती वेळा पडले हे न मोजता खळ्यावरून वाटा द्यावयाचा. बलुत्यात जन्माची सक्ती व जातीचे जोखड होते, ते आपणास नको. पण सर्वांच्या उपयोगाचे काम सर्वांनी मिळून पोसावे, हे त्यातील तत्त्व टाकून देण्याजोगे नाही.

याचा हिशोब करून पाहू. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५३ लाख वहिती खाती होती व सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती. प्रत्येक खात्यामागे वर्षाला ५० रुपये धरले तर ७६ कोटी ५० लाख रुपये होतात. सहा तासांऐवजी तीनच तास नवे कार्यक्रम केले तर वर्षाचे नवे तास १,०९५. त्या रकमेतील दहा आणे म्हणजे सुमारे ४७ कोटी ८० लाख रुपये कार्यक्रमांवर लाविले असता दर नव्या तासास सुमारे ४ लाख ३६ हजार रुपये पडतात. किसान वाहिनीच्या वरील सहा तासांच्या हिशोबात तासामागे जवळजवळ एवढीच रक्कम येत होती, पण तिच्यातून यंत्रे व कचेरीही भागवावयाची होती. सर्व खातेदार वर्गणी देणार नाहीत हे उघड आहे. निम्म्यांनी दिली तरी अनुदानाची जोड देऊन काम चालू शकते. अल्पभूधारकास माफी असावी व मोठ्या बागाइतदाराने अधिक द्यावे, हे न्यायाचे होईल.

पन्नास रुपये कशाबद्दल द्यावयाचे, असे कोणी विचारील. २०२५-२६ च्या हंगामाकरिता सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. समजा, एखाद्याने वीस क्विंटल सोयाबीन विकले व योग्य दिवशी भाव कळल्याने त्यास क्विंटलमागे केवळ पन्नास रुपये अधिक मिळाले, तर ते हजार रुपये झाले. वीस वर्षांची वर्गणी एका बाजारात वसूल झाली.

आमचा निष्कर्ष असा की, कोणत्याही एका मार्गावर विसंबून राहू नये. एका बैलावर औत चालत नाही. भांडवली खर्च सरकारने करावा, चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग कोणा एकाकडून येऊ नये, आणि शेतकऱ्यांच्या वर्गणीचा वाटा इतका असावा की, त्यांचा शब्द मानावाच लागेल.

६. कायद्याची वाट

मराठी शेती-वाहिनी राज्य सरकारने स्वतःच काढावी, असे पुष्कळांच्या मनात येईल. परंतु ही वाट मोकळी नाही. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सूचनापत्रक काढून, केंद्रातील इतर मंत्रालयांनी व राज्य सरकारांनी थेट प्रसारणाच्या व्यवसायात उतरू नये, आणि जे काम चालू आहे ते प्रसार भारतीमार्फत करावे असे कळविले. म्हणजे राज्यास ही वाहिनी हवी असल्यास प्रसार भारतीशी करार करूनच ती मिळू शकते.

यात तोटा आहे तसा लाभही आहे. १९९० चा कायदा १५ सप्टेंबर १९९७ पासून अंमलात आला व त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला महामंडळ स्थापन झाले. या कायद्यात महामंडळाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत शेती व ग्रामीण विकास यांकडे विशेष लक्ष देणे आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा व संस्कृती यांस पुरेसे स्थान देणे ही दोन्ही कलमे आहेत. तसेच फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तेव्हा मराठी शेतकरी वाहिनी मागतो तेव्हा तो भीक मागत नाही. गायरानावर जसा गावाचा हक्क, तसाच त्याचा या लहरींवर हक्क आहे.

घरोघर पोचण्याची अडचण पूर्वी होती तशी राहिलेली नाही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क थाळीसेवा सुरू झाली. थाळी व पेटी एकदा विकत घेतली की दरमहा काही द्यावे लागत नाही. ज्या गावास केबल नाही तेथेही ती चालते. नव्या वाहिनीस या सेवेत जागा मिळणे ही कराराची पहिली अट असावी.

७. मजकूर कोठून यावा

वाहिनी काढली आणि सांगावयास काही नाही, अशी अवस्था होऊ नये. मराठवाड्यात सामग्रीची वाण नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. तेथून हवामानावर आधारलेला शेती-सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. आपल्या शेजारी बिलोली तालुक्यात सगरोळी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. बाजार समित्यांकडे रोजची आवक व भाव यांची नोंद असते. हे सर्व आज निरनिराळ्या कागदांवर पडून असते. ते एकत्र करून, आपल्या बोलीत, ठरलेल्या वेळी सांगणे एवढेच काम आहे.

मराठी वाहिनीचा राज्यभर एकच मजकूर असल्यास मात्र तो पुन्हा पुण्या-नाशिकच्या बागाइताकडे झुकेल. द्राक्ष व ऊस यांची चर्चा ऐकून देगलूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट भरत नाही. म्हणून दररोजच्या नव्या वेळापैकी निश्चित वाटा प्रत्येक विभागास बांधून द्यावा, जसा सामाईक विहिरीवर पाळीचा वाटा असतो. पाऊस, पूर व वीज यांच्या इशाऱ्याकरिता तर कोणताही कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार विभागीय केंद्रास असावा. तो अधिकार मुंबईच्या परवानगीवर ठेविला तर इशारा पोचेपर्यंत पाणी उंबऱ्यात येईल.

८. आपले कर्तव्य

एवढे विवेचन वाचून हे काम सरकारचे आहे असे म्हणून मासिक बाजूस ठेवणे सोपे आहे. तसे न करता सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक गावाने या वर्षीच्या खरीप व रब्बी हंगामांत कोणती माहिती वेळेवर मिळाली नाही व त्यामुळे किती नुकसान झाले, याची वही ठेवावी. मोघम गाऱ्हाण्यापेक्षा तारीखवार नोंद अधिक बोलते.

दुसरी, गावात दहा-पंधरा जणांचे एक श्रोतृमंडळ करावे. स्त्रियांना त्यात बरोबरीने घ्यावे, कारण निंदणी, वेचणी व जनावरांची निगा त्यांच्याच हाती असते. सह्याद्री वाहिनीवरील वा आकाशवाणीवरील शेतीचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा एकत्र पाहावा किंवा ऐकावा, आणि आपला प्रश्न लेखी पाठवावा. १९५६ साली जे पोस्टकार्डावर साधले ते हातातील दूरध्वनीवर न साधण्यास कारण नाही.

तिसरी, ग्रामसभेत ठराव करून तो विधानसभेतील व संसदेतील आपल्या प्रतिनिधींस द्यावा. ठरावात नुसती वाहिनी द्या असे न लिहिता तीन मागण्या स्पष्ट लिहाव्यात: चालू खर्चाची दरसालची तरतूद, मराठवाड्याच्या वेळेचा निश्चित वाटा, आणि कारभारी मंडळात शेतकऱ्यांनी निवडलेले सभासद.

चौथी, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी, वर्गणी देण्याची तयारी ठरावातच नोंदवावी. जो काही देत नाही त्याची मागणी ऐकून घेतली जाते; जो आपला वाटा पुढे ठेवून मागतो त्याला उत्तर द्यावे लागते.

बी पेरल्याबरोबर कणीस मागू नये, हे शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. वाहिनीचे कामही चार-सहा हंगामांचे आहे. पण पेरणीची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. मृग लागण्यापूर्वी जी गावे आपली नोंदवही व ठराव आमच्याकडे पाठवितील, त्यांचा गोषवारा या मासिकात क्रमाने छापण्यात येईल.